कव्हर आधी, फोन मागाहून

आमच्याकडे मुलगी बघायला जायचं तर दोन गाड्या भरून माणसं निघतात. फोन बघायला मात्र एकच माणूस लागतो, आणि तो म्हणजे माझा मामा. एखाददुसरा अपवाद सोडला तर त्याने पास केल्याशिवाय आमच्या नात्यातल्या एकाही घरात आजवर मोबाइल आलेला नाही, आणि त्याने पास केलेला एकही मोबाइल आजवर धड चाललेला नाही. तरी पुढच्या वेळी आम्ही पुन्हा त्यालाच घेऊन जातो. ह्याला कोणी माया म्हणेल. माझी बायको वेगळा शब्द वापरते.

मामा रेल्वेत होता. पुणे-लोणावळा लाइनीवर गँगमन म्हणून लागला आणि मुकादम होऊन बेगडेवाडीच्या बाजूला निवृत्त झाला. जन्मभर हातात हातोडा घेऊन रुळाच्या कडेने चालायचं, रूळ ठोकायचा, आवाज ऐकायचा आणि कुठे तडा गेलाय का ते ओळखायचं, हे त्याचं काम. निवृत्तीनंतर रूळ रेल्वेकडे राहिले, पण ठोकून बघायची सवय तो बरोबर घेऊन गावी, वडिवळ्याला आला. घरी आल्या आल्या त्याने मामीची भांडी ठोकून पाहिली, दाराच्या चौकटी ठोकून पाहिल्या. दिवाळीला मी भेटायला गेलो तेव्हा माझ्या पोटावर बोट आपटलं, कान वाकडा केला आणि मामीला म्हणाला, "आत नुसती हवा हाय. काळजीचं कारन न्हाई."

अशा माणसाच्या हातात स्मार्टफोन नावाची वस्तू आली. काचेची, महाग, आणि कधीही तडा जाईल अशी. मामाला जणू नवी नोकरी लागली.

माझ्याच फोनचं सांगतो, म्हणजे त्याची पद्धत लक्षात येईल. तळेगावच्या एका दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदार मला कॅमेऱ्याचे गुण सांगू लागला. मामाने त्याला नुसत्या तळहाताने थांबवलं, फोन उचलून कानाशी नेला, पाठीवर नखाने टकटक केलं आणि डोळे मिटले. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकंसुद्धा गप्प झाली.

"बद्द बोलतोय," मामा म्हणाला. "दुसरा दावा."

"आबा, वाजवून काय कळणार? आतलं बघा ना. मेमरी बघा, प्रोसेसर बघा."

"आतलं तुमी बगा. मी आंग बगतोय."

दुसरी परीक्षा वाकण्याची. रुळावर काम करणारा माणूस दिवसभर वाकत असतो, तेव्हा शर्टाच्या खिशातला फोन पडता कामा नये, हा त्याचा मुद्दा. मी रुळावर काम करत नाही. मी एका कंपनीच्या ऑफिसात बसतो आणि वाकलोच तर टेबलाखालचा डबा काढायला वाकतो. पण हे मामाला सांगायची सोय नव्हती. भर दुकानात त्याने मला एकेक फोन खिशात घालून वाकायला लावलं. मी वाकलो की फोन पडायचा, मामा तो वरच्या वर झेलायचा आणि "फेल" म्हणायचा. दुकानदाराचा चेहरा पांढरा पडत चालला होता, माझा लाल होत चालला होता. शेवटी एक फोन सापडला. तो पडला नाही, कारण इतका मोठा होता की खिशात शिरलाच नाही.

"पास," मामा म्हणाला.

तो फोन मी अजून वापरतो. ऑफिसात त्याला पाटी म्हणतात. कानाला लावला की माझा अर्धा चेहरा झाकला जातो, आणि तेवढा एक फायदा झाला असं बायकोचं मत आहे.

आता मामाच्या स्वतःच्या फोनकडे वळतो. तो फोन दिसायला कसा आहे हे आम्हा कुणालाच माहीत नाही. काचेवर काच, तिच्यावर आणखी एक काच. त्यावर झाकणाचं कव्हर. कव्हर उघडू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचा कापलेला पट्टा. हे सगळं गळ्यात अडकवायच्या पारदर्शक पाउचात, आणि थंडीचे दिवस असले तर पाउचावर मामीने विणलेली लोकरीची पिशवी. दोरीला शिट्टी बांधलेली. शिट्टी कशाला, असं मी एकदा विचारलं. "फोन गावला न्हाई तर?" मामा म्हणाला. शिट्टी फोनलाच बांधलेली असताना ती कोण वाजवणार, हा पुढचा प्रश्न मी विचारला नाही. मला वडीलधाऱ्यांचा मान राखायची सवय आहे. भित्रेपणालाही तेच नाव आहे.

फोन वाजला की मामा खाली बसायचा आणि उघडायला घ्यायचा. पिशवी, पाउच, पट्टा, झाकण. तोवर वाजणं थांबायचं. मग तो उलट फोन करायचा आणि दम लागलेल्या आवाजात विचारायचा, "जय भीम. कोन व्हतं?" आम्ही सगळे आता मिस कॉल देऊन स्वस्थ चहा पीत बसतो. बोलणंही नेहमी स्पीकरवर, कारण कानाशी आवाज येण्याची जागा काचेखाली गाडली गेलेली. तरीही मामाचा आवाज आपल्याला विहिरीच्या तळातून आल्यासारखा येतो.

आणि ह्याच विहिरीत मामीचा जीव अडकला होता.

मामीची थोरली बहीण सुदुंबऱ्याला असते. दोघी आठवड्याच्या बाजाराला वडगावात भेटायच्या. भाजी थोडी, बोलणं फार, असा त्यांचा बाजार. पुढे थोरलीचं खुब्याचं हाड मोडलं आणि तिचं घराबाहेर पडणं बंद झालं. उरला मामाचा फोन, आणि पलीकडे थोरलीच्या मुलाचा. मामी बोलायला लागली की मामा शेजारी फाटकवाल्यासारखा उभा.

"आवरतं घ्ये. लाइन मोकळी ठिवाया पायजे. अर्जंट काय आलं म्हंजी?"

मामाला आयुष्यात अर्जंट काही आलेलं नाही. पण तो फोन काढून घ्यायचाच.

"आवं, आत्ता कुटं ती सुनेवर आलती!" मामी कळवळायची.

म्हणून मामीने एकच मागणं मागितलं. सोनं नको, साडी नको. "मला माझा फोन पायजे. आक्कासंगं बोलायचं, आन बोलताना ह्यांनी बाजूला उभं ऱ्हायचं न्हाई."

मामाने नाही म्हटलं नाही. उलट त्याने हे काम फारच मनावर घेतलं, आणि घोटाळा झाला तो तिथेच. कारण मामाचा एक नियम होता. फोन आधी घ्यायचा नाही. आधी कव्हर घ्यायचं.

"आधी शेड, मग इंजिन," तो म्हणायचा. "इंजिन आनून उगड्यावर हुबं करायचं आन मग शेड बांधाया घ्यायची, आसं कुटं आस्तं का? फोनच्या दुकानातनं कव्हरच्या दुकानात जास्तवर हातातनं पडला म्हंजी?"

दोन्ही वस्तू एकाच दुकानात मिळतात, असं माझ्या बायकोने नम्रपणे सांगून पाहिलं.

"मिळत्यात. पन काउंटर येगळं आस्तं, सुनबाई," मामा म्हणाला.

तर मामीसाठी त्याने लोणावळ्याच्या बाजारातून कव्हर आणलं. खरं सांगतो, असं कव्हर मी त्याआधी पाहिलं नव्हतं. रंग जांभळा, आतून मखमल, कोपऱ्यांना रबरी गाद्या, मागे बोट अडकवायची अंगठी, वर चुंबकाचं झाकण, आणि कॅमेऱ्यासाठी एक उभी लांबट फट व शेजारी एक गोल भोक. मामाने ते ओसरीवर सगळ्यांच्या हातातून फिरवलं. मामीने पुसून फळीवर ठेवलं. घरात आनंद होता. आता फक्त फोन आणायचा राहिला होता.

तो फोन मिळेना. उभी फट आणि शेजारी गोल भोक, असा फोन कुठल्या कंपनीने कधी काढला होता की नाही, कुणास ठाऊक. काढला असेल तर तो मावळात उतरला नव्हता. मामा कव्हर घेऊन कामशेत, वडगाव, तळेगाव, सोमाटणे अशी दुकानं पालथी घालू लागला. काउंटरवर कव्हर ठेवायचं आणि म्हणायचं, "ह्यात बसंल आसा फोन दावा." चपलेच्या दुकानात पायाचं माप दाखवावं तसं. दुकानदार हसले, मग वैतागले, मग त्याला लांबून येताना बघूनच "नाही आला अजून, आबा" असं ओरडू लागले. एकाने तर शटर अर्धं ओढून घेतलं. मामा वाकून आत गेला. वाकायची त्याला सवय होती.

पावसाळा गेला, भाताची कापणी झाली, हिवाळा गेला, पुन्हा रोपांची आवणी आली. फळीवर कव्हर तसंच. मामीने ते वापरायला काढलं. त्यात ती सुई ठेवायची, सुपारी ठेवायची, एसटीचं कार्ड ठेवायची. आणि फारच राग आला की ओसरीवर बसून रिकामं कव्हर कानाला लावायची.

"हॅलो, आक्का? व्हय, मीच. न्हाई गं, फोन न्हाई, नुसतं सालच हाय. काय? व्हय तर, हितंच उभे हायेत. खांबावानी."

एकदा हे चाललं असताना मामा आत जेवत होता. आतूनच तो ओरडला, "लय येळ झाला. ठिव आता."

मामी हसली की रडली, हे मला नक्की कळलं नाही. माझ्या बायकोला कळलं होतं. परतीच्या लोकलमध्ये ती माझ्याशी बोलली नाही, जसा काही तो नियम मी काढला होता.

फोनला जपण्यात मामा कमी पडला असं कुणी म्हणू शकणार नाही. एका पावसाळी रविवारी आम्ही सगळे खंडाळ्याला पॉइंटवर गेलो होतो. धुकं असं की स्वतःच्या चपला दिसत नव्हत्या. फोटो काढायचं काम मामाकडे, कारण त्याच्याच फोनला संपूर्ण संरक्षण होतं. त्याने एक लांब काठी आणली होती, टोकाला फोन अडकवून स्वतःचे फोटो काढतात ती. तिच्यावर पाउचासकट फोन चढवला. काठीच्या दांड्याला लाल फडकंही बांधलं, मागून येणाऱ्याला कळावं म्हणून. मग आम्हाला ओळीने उभं केलं, शिट्टी फुंकली आणि सटासट फोटो काढले.

"धुक्याचं आमाला सांगू नगा," तो म्हणत होता. "धुक्यात आमी रुळावर फटाके लावायचो. ड्रायव्हरला दिसत न्हाई, पन आयकू जातंय."

घरी येऊन फोटो पाहिले. सगळे पांढरे. धुकं बाहेर होतंच, पण पाउचसुद्धा आतून घामाने भरलं होतं. एका फोटोत खालच्या कोपऱ्यात काहीतरी गोल दिसत होतं. सगळ्यांनी मिळून ते माझं पोट असल्याचं ठरवलं. मामीने फोटो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाली, "मी ह्यात हाय का?" मामा म्हणाला, "हायेस की. धुक्याच्या पल्याड."

पुढे एकदा तोच फोन गोठ्यापुढच्या पाण्याच्या टाकीत पडला. पाउचाचं तोंड लावायचं राहिलं होतं. इतक्या सुरक्षेतून पाण्याने वाट काढली ह्याचं मामाला दुःखापेक्षा आश्चर्य जास्त वाटलं. भिजलेला फोन तांदळात ठेवतात हे त्याला माहीत होतं. पण कुठल्या तांदळात? घरात नवा इंद्रायणी भरपूर होता. मामा अडून बसला.

"नवा तांदूळ पानी पीत न्हाई. शिजताना बगत न्हाईस का, गिच्च हुतोय? जुना पायजे. जुना आंबेमोहर काढ."

"त्यो पावन्यांसाटी ठिवलाय."

"मग ह्यो काय हाय?"

"फोनला जुना आन मानसाला नवा!" मामी म्हणाली. पण काढला. कारण तो फोन बंद म्हणजे सुदुंबरं बंद. तिने डबा स्वतःच्या उशाशी ठेवला, झाकणाला हात लावून निजली. फोन वाळला, सुरू झाला. तो तांदूळ मामाने पुन्हा शिजवू दिला नाही. "कामाचा माल हाय," म्हणून पिशवीत बांधून ठेवला आणि कुणाचा फोन भिजला की पिशवी घेऊन तिकडे जायचा. रुग्णवाहिकेसारखा.

हे असंच चालू राहिलं असतं. पण सुदुंबऱ्याच्या आक्काला तिच्या मुलाने फोन घेऊन दिला. साधा, काळा, कव्हरबिव्हर काही नाही. तिने पहिला फोन मामाच्या नंबरवर केला. मामाने पिशवी उघडली, पाउच उघडलं, पट्टा काढला, तोवर वाजणं थांबलं. तिने परत केला. परत तेच. मामी शेजारी उभी राहून बघत होती. शेवटी लागला तेव्हा पलीकडून आवाज आला, "आगं, माझा मी लावलाय! तुजा कवा घ्येतीस?"

मामीने मामाकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "येत्या रविवारी लोनावळ्याला जायाचं. फोन घिऊन घरी यायचं. न्हायतर तितनंच मी सुदुंबऱ्याला ऱ्हायला जाती. आक्काला बी मानूस पायजेच हाय."

हे ती भांडणाच्या आवाजात म्हणाली असती तर मामा हसला असता. पण ती तांदूळ निवडत म्हणाली. मामाने मला फोन केला. विहिरीच्या तळातून आवाज आला, "भाच्या, रविवारी मोकळा हायेस न्हवं? मामला शीरियस हाय."

रविवारी आम्ही नवराबायको तळेगावहून लोकलने निघालो, ती दोघं कामशेतला चढली. मामीने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि हातात एक पिशवी होती. पिशवीत काय, असं माझ्या बायकोने विचारलं. "दोन लुगडी," मामी म्हणाली. मामा खिडकीतून रुळांकडे बघत होता, पण रूळ काही त्याला दिसत नसावेत.

लोणावळ्याच्या बाजारातलं मोबाइलचं दुकान एक भाई चालवतात. जन्म लोणावळ्यातला, बोलणं आमच्यासारखंच, आणि स्वभाव असा की मामाला त्यांनी आजवर एकदाही बाहेर काढलं नव्हतं. त्यांनी मामीला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि मामाला म्हणाले, "आबा, आज काढा ते कव्हर. एकदाचा सोक्षमोक्ष लावू."

काउंटरवर फोनांची रांग लागली. मामा एकेक ठोकायचा, पास झाला तर मला वाकायला लावायचा, त्यातूनही पास झाला तर कव्हरमध्ये घालायचा. एक आत हलत होता. एक बसला, पण कॅमेऱ्याचा एक डोळा झाकला गेला. एकाचं बटण कव्हरच्या भिंतीखाली गाडलं गेलं. दुकानात आलेली पर्यटक मंडळी चिक्कीचे पुडे हातात धरून माझं वाकणं बघत उभी होती. त्यांतल्या एकाने मला पाठीच्या दुखण्यावर एक तेल सुचवलं.

भाई हळूच म्हणाले, "आबा, आजींना आवडेल तो फोन घ्या. त्याच्या मापाचं नवं कव्हर मी माझ्याकडून देतो."

मामा दुखावला. "आन ह्ये? ह्ये टाकून दिऊ? म्या ह्ये तिच्यासाटी निवडून आनलंय."

मामी काउंटरच्या काचेखाली ठेवलेल्या एका फोनकडे बघत होती. निळसर, मोराच्या गळ्यासारखा. तिने त्याला हात लावला नाही, नुसती बघत होती. मग तिने मांडीवरची लुगड्यांची पिशवी जरा पुढे ओढली.

मामाने ते पाहिलं. त्याला घाम फुटला आणि त्याच घामातून एक कल्पना निघाली.

"भोक पाडायचं!" तो म्हणाला. "फोन बसतोय, फकस्त भोक चुकतंय. मग भोक हालवायचं! भाच्या, चल. तुमी दोगी हितंच बसा. कुटं जाऊ नगा."

मी आणि मामा कव्हर घेऊन बाजाराच्या टोकाला, चपला शिवायला बसतात तिथे गेलो. एक म्हातारे गृहस्थ लाकडी पेटीपुढे बसले होते. मामाने त्यांना कव्हर दिलं आणि पेटीवर खडूने कॅमेरा काढून दाखवला. त्यांनी कव्हर उलटंसुलटं केलं.

"ह्येचा दुसरा पाय कुटाय?" त्यांनी विचारलं.

"चप्पल न्हाई ही. फोनची शेड हाय."

"आन फोन कुटाय?"

"त्यो याचाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. ते बिचारे आरीने खूण करायला लागले, आणि तेवढ्यात मामाचा फोन वाजला.

मामा खाली बसला. पाउच, पट्टा, झाकण. वाजणं थांबलं. पुन्हा वाजला. नंबर अनोळखी होता, आणि अनोळखी नंबर मामा उचलत नाही. "वळख न्हाई त्या गाडीला सिग्नल न्हाई," असं म्हणून त्याने वाजू दिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मीच हात लांब करून बटण दाबलं. स्पीकरवर दुकानातला गलबला ऐकू आला.

"जय भीम. कोन?" मामाने करड्या आवाजात विचारलं.

"जय भीम. मी बोलतीया."

"मी कोन?"

"तुमची बायकू."

मामाने फोन लांब धरून त्याच्याकडे बघितलं आणि ठणकावलं, "तिच्याकडं फोन न्हाई."

"आत्ता हाय."

आरी थांबली. मामाने विचारलं, "घ्येतला?"

"घ्येतला. निळा. भाईनं कार्ड घालून दिलं, सुनबाईनं दावलं कसं लावायचं त्ये. पैला तुमालाच लावलाय."

"वाजवून बगितला?"

"न्हाई."

"वाकून बगितलं?"

"लुगड्याला कुटं खिसा आस्तो?"

हा मुद्दा मामाच्या इतक्या वर्षांच्या कारकिर्दीत कुणी काढला नव्हता. त्याने माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी इतका वेळ वाकून आलो होतो की माझ्याकडे मत उरलं नव्हतं.

"आन वर काय घातलंय त्येच्या?"

"काय बी न्हाई. कसा गार लागतोय हाताला!"

"आगं, उगडाच धरलाय?" मामा उभाच राहिला. "दोनी हातांनी धर! भिताडाला टेकून उभी ऱ्हा! खाली बस, खाली! मी येस्तवर हालू नगंस!"

"तुमी या सावकाश. मी आक्काला लावती."

आणि तिने फोन ठेवला. मामाचं बोलणं पुरं व्हायच्या आत कुणी फोन ठेवल्याचं मी तरी तोवर पाहिलं नव्हतं.

मामाने ताबडतोब उलट फोन लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी. तिसऱ्यांदा लावून त्याने फोन कानाजवळ नेला, जणू आत कुठे तडा आहे का ते ऐकतोय.

पेटीवाल्या म्हाताऱ्यांनी कव्हर वर धरलं. "कापू का ऱ्हाऊ द्यू?"

मामा पुन्हा नंबर लावत होता. मी म्हटलं, "मामा, चल ना. दुकान दोन मिनिटांवर आहे. जाऊन बघू."

तो निघालाही. चार पावलं गेला आणि थांबला. फोनकडे बघितलं, पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग परत फिरला आणि माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

"आता कशाला थांबायचं?" मी विचारलं.

"मेन लाइनला गाडी हाय," मामा म्हणाला. "ती जास्तवर आपुन कडंच्या लूपला थांबायचं."

आणि म्हाताऱ्यांना जरा सरकायला सांगून तो त्यांच्या शेजारी, पाय लांब पसरून, बसून राहिला.